परतलेले ठिपके

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काश्मीरवरून ढगांचा एक पट्टा पूर्वेकडे सरकत गेला आणि त्याच्यामागे सगळ्या उत्तर भारताचं आकाश धुऊन काढल्यासारखं स्वच्छ झालं. नागपूरच्या शीत-अंदाज केंद्रात मृणाल घाटोळे सकाळी सात वाजता येऊन बसली, तेव्हा नकाशावर पंजाबपासून बिहारपर्यंत फिकट निळा रंग पसरलेला होता. वरचं पांघरूण निघालं की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते आणि पहाट कडाक्याची होते. सत्तेचाळीस वर्षांच्या मृणालला हे सांगायला यंत्राची गरज नव्हती. तिनं रोजच्यासारखं पुढच्या तीन दिवसांचं पत्रक लिहायला घेतलं. पंजाब, हरियाणात थंडीची तीव्र लाट. गंगेच्या मैदानात सकाळी दहापर्यंत दाट धुकं. सातपुड्याच्या पठारांवर गोठलेलं दहिवर. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तुरळक पाऊस. एवढा मोठा देश चार ओळींत बसवायची तिला बावीस वर्षांची सवय होती.

दारात अनुपमा बोरा उभी होती. मूळची जोरहाटची ही तिशीतली मुलगी केंद्राची गणिती प्रणाली सांभाळायची, आणि चार वर्षांत अस्सल नागपुरी मराठी शिकली होती.

"मॅडम, जरा येऊन बघता का? मला काहीतरी दिसून राहिलंय, पण ते काय आहे ते समजत नाही."

त्या प्रणालीचं नाव होतं 'शिशिर'. आधीच्या प्रणाली अख्ख्या जिल्ह्याला एक तापमान सांगायच्या. पण थंडीनं माणूस मरतो तो जमिनीपासूनच्या दोन मीटरच्या हवेत, आणि त्या दोन मीटरांत एका गावातही चार-पाच अंशांचा फरक असतो. वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होते, पाण्यासारखी उतारानं वाहते आणि खोलगट जागी साचते. त्या प्रवाहात प्रत्येक घर दगडासारखं असतं. पेटलेली चूल, चार माणसांचं अंग, गोठ्यातली म्हैस, या सगळ्यांची ऊब त्या हवेला ढकलते, वळवते. म्हणून गावाची थंडी मोजायची तर आधी घरांची ऊब मोजायला हवी, हे शिशिरच्या रचनाकारांनी ओळखलं होतं. ती मोजायची साधनं आधीच सगळीकडे होती. विजेचे नवे मीटर दर पाच मिनिटांनी आकडा पाठवत. फोनच्या बॅटरीला स्वतःचं तापमान कळत असे. उपग्रहाला पत्र्याचं छप्पर रात्री किती तापलंय ते दिसे. शिशिरनं तीन हिवाळे या देशातल्या तेवीस कोटी घरांची लय शिकून घेतली होती: कुठली चूल कधी पेटते, कुठला दिवा कधी लागतो, कुठलं घर उशिरा उठतं. त्यावरून ती पुढच्या तीन दिवसांची ऊब आधीच मांडायची आणि मग थंडीचा हिशेब करायची. अंदाज इतके अचूक येऊ लागले होते की जिल्हाधिकारी शिशिरच्या शब्दावर शाळा बंद ठेवत.

बोरानं कर्नालजवळचं एक गाव पडद्यावर मोठं केलं. घरं केशरी ठिपक्यांसारखी दिसत होती. तिनं घड्याळ पुढे सरकवलं. मंगळवार, बुधवार. बुधवारी पहाटे पाचला सगळे ठिपके उजळले, चुली पेटल्या. एक सोडून. तो ठिपका करडा झाला आणि पुढे करडाच राहिला.

"मोजण्यातली चूक असेल," मृणाल म्हणाली.

"मला पण तसंच वाटलं. म्हणून मी मागच्या आठवड्याचे अंदाज काढले. शिशिरनं देशभरात त्रेसष्ट घरं अशी विझताना दाखवली होती. त्यातली अठ्ठावन्न खरंच विझली. त्याच दिवशी, मॅडम. तासाभराच्या फरकानं."

"विझली म्हणजे?"

"ते मला माहीत नाही. शिशिरला पण माहीत नाही. तिला फक्त ऊब कळते."

त्या दुपारी दोघींनी दार लावून फोन केले. पहिलं घर एका शिक्षकाचं होतं, सगळे लग्नाला गेले होते. मृणालला हायसं वाटलं. दुसऱ्या घरी शेजाऱ्यानं फोन घेतला आणि म्हातारा शनिवारी पहाटे गेल्याचं सांगितलं. तिसऱ्या घरातली बाई एकटीच राहायची, तिचा मुलगा लुधियानाहून येऊन कुलूप लावून गेला होता. चौथ्या घरच्या माणसानं उलट विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" मृणालनं फोन ठेवला. बोरा हातातला पेन उगाच उघडत-मिटत होती.

"शिशिरनं कसं ओळखलं असेल?" मृणालनं विचारलं.

"मी पाहिलं. त्या म्हाताऱ्याची चूल महिनाभर रोज दोन-तीन मिनिटं उशिरा पेटत होती. रात्री दिवा जास्त वेळा लागत होता. शिशिर फक्त ती रेघ पुढे ओढते, आणि एका दिवशी ती रेघ संपते."

संचालकांना सांगणं भाग होतं. ते दोन दिवस गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी दिल्लीहून तोंडी परवानगी घेऊन आले. ज्या घराचा ठिपका विझताना दिसेल, तिथे त्या भागातली आरोग्य सेविका जाईल. कारण तिला सांगायचं नाही. थंडीची लाट आहे म्हणून विचारपूस करायला आले, एवढंच तिनं म्हणायचं. घोंगडी, सरपण द्यायचं, मुलाबाळांना फोन लावायचा, गरज असेल तर दवाखान्यात न्यायचं. केंद्रात त्याला नुसतं 'भेट' म्हणू लागले.

पहिल्या भेटीनंतर शिशिरच्या संध्याकाळच्या अंदाजात मुरादाबादकडचं एक घर पुन्हा केशरी दिसलं. सकाळी जे विझणार होतं ते आता विझणार नव्हतं. बोरानं टाळी वाजवली आणि लगेच हात मागे घेतला. पण त्या आठवड्यात असे दीडशे ठिपके परतले. भिंतीवरच्या फलकावर रोज आकडा लिहिला जाऊ लागला. खाली मान घालून काम करणारी माणसं येता-जाता त्या आकड्याकडे बघायची.

"परतलेल्या घरी एकदा फोन करायचा का?" बोरानं एकदा विचारलं होतं.

"कशाला?" मृणाल म्हणाली होती. "ठिपका उबदार आहे ना. आधीच लोक घाबरलेत, आणखी नको."

लोक घाबरले होते हे खरं. कोणी काही सांगितलं नसलं तरी गावांना कळत होतं. बहराइचच्या एका सेविकेनं कळवलं की ती घोंगडी घेऊन गेली तेव्हा म्हातारीनं ती मांडीवर ठेवून शांतपणे विचारलं, "किती दिवस?" दुसऱ्या एका गावात सेविकेची सायकल दिसली की बायका आपापली दारं लावून घ्यायच्या आणि फटीतून बघायच्या, ती कुणाच्या अंगणात वळते ते.

जानेवारीच्या मध्यापर्यंत फलकावरचा आकडा अकराशे चाळीस झाला. त्याच सुमारास, एका सोमवारी सकाळी, बोरा मृणालच्या टेबलाशी आली. यादीचा कागद तिनं उलटा ठेवला.

"मध्य प्रदेशातलं भैरवपाट. छिंदवाड्याच्या वरचं पठार. घराच्या मालकाचं नाव घाटोळे आहे. मला वाटलं, तुम्हाला आधी सांगावं."

मृणालनं कागद उलटला. गुरुवारी पहाटे पाच. उल्हास घाटोळे, वय एकसष्ट.

उल्हास तिचा सख्खा मोठा भाऊ. चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून तिची फी, तिचे कपडे, तिचं पहिलं विज्ञान प्रदर्शन, सगळं त्यानंच पाहिलं होतं. तो भैरवपाटच्या वेधशाळेत निरीक्षक होता. लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीतले तापमापक दिवसातून आठ वेळा वाचायचे आणि वहीत लिहायचे, हे त्याचं काम. सुट्टीत ती त्याच्याकडे जायची तेव्हा तो तिला गच्चीवर झोपवून ढगांची नावं सांगायचा. ती हवामानशास्त्रात गेली ती त्याच्यामुळे. आणि सहा वर्षांपूर्वी माणसांनी चालवलेल्या दोनशे बारा वेधशाळा बंद कराव्यात, त्यांची नोंद येऊ घातलेल्या शिशिरला लागणार नाही, असा अहवाल तिनं लिहिला आणि त्यावर सही केली. भैरवपाट त्या यादीत एकशे अडुसष्टावं होतं. उल्हासनं भांडण केलं नाही. त्यानं फक्त तिचा फोन घेणं सोडून दिलं. लग्न केलं नव्हतं, नागपूरला परतला नाही, त्याच गावात राहिला.

ती दिवसभर फोन लावत राहिली. वाजून बंद व्हायचा. मंगळवारी सकाळी तिनं रजा टाकली आणि गाडी काढली.

"सेविकेला पाठवते की मी," बोरा म्हणाली.

"नको. या घरची भेट मीच."

छिंदवाड्यापर्यंत रस्ता चांगला होता. पुढे सागाची पानगळ झालेली जंगलं, मग चढ, मग एकाएकी सपाट झालेलं पठार. दुपारचे तीन वाजले होते तरी सावलीतल्या गवतावरचं दहिवर वितळलं नव्हतं. वीस-बावीस घरांचं गाव एका बशीसारख्या खोलगट जागेत बसलेलं होतं. नकाशावर तिनं ती बशी पाहिलेली होती आणि तिच्यात थंडी कशी साचते हेही. आता पायाखाली ती खरीच होती आणि गाडीतून उतरल्या उतरल्या घोट्याशी गार पाणी लागल्यासारखं झालं.

उल्हास अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. अंगात दोन स्वेटर, डोक्याला मफलर. त्यानं तिच्याकडे पाहिलं, सोलायचं थांबवलं नाही.

"तू काय करून राहिली इकडे?"

"तुला भेटायला आले, दादा."

"सहा वर्षांनी."

"तू फोन कुठे घेतोस?"

"बस," तो म्हणाला, आणि बाजेवरचा शेंगांचा ढीग बाजूला सारला. एवढंच. तिला वाटलं होतं तो दार लावेल, नाहीतर ओरडेल. त्याऐवजी त्यानं तिच्यापुढे मूठभर हिरवे दाणे ठेवले.

शेजारची फुलवती चहा घेऊन आली. चाळिशीची गोंड बाई, रोज उल्हासला भाकरी करून द्यायची. "बहीण का? याच्यासारखीच दिसते," ती म्हणाली आणि मृणालच्या पायांकडे पाहून आत गेली, जाड मोजे घेऊन आली.

त्या संध्याकाळी मृणालनं सगळं पाहिलं. दादाच्या चपलांचे पट्टे सैल करून ठेवलेले होते, कारण पाय सुजत होते. विहिरीपासून दारापर्यंत येताना तो दोनदा थांबला. खाटेवर आडवं होण्याऐवजी तो आरामखुर्चीत तक्क्याला टेकून झोपायचा. "आडवा झालो की श्वास अडकतो. थंडीनं," तो म्हणाला.

"थंडीनं नाही, दादा. उद्या छिंदवाड्याला जाऊ. मोठा दवाखाना आहे."

"दोन दिवसांत लाट ओसरेल. मग बघू."

तेव्हा तिनं सांगून टाकलं. शिशिरबद्दल, ठिपक्यांबद्दल, शनिवारी पहाटे गेलेल्या म्हाताऱ्याबद्दल. गुरुवारची पहाट, पाच वाजता. तो ऐकत होता. चुलीतल्या निखाऱ्यावर त्यानं एक ढलपी टाकली.

"म्हणजे मी मरतो म्हणते तुझं यंत्र?"

"तसं नाही म्हणत. घर विझेल एवढंच म्हणतं."

"मग मी तुझ्यासोबत आलो तरी घर विझेल. यंत्र बरोबर. मी मेलो तरी विझेल. यंत्र बरोबरच." तो हसला, आणि हसण्यानं त्याला खोकला आला. खोकला थांबायला वेळ लागला. "मी तापमान वाचायचो तेव्हा पारा चुकला तर दुसऱ्या पाऱ्यावरून ते पकडता यायचं. तुम्ही असं यंत्र केलं जे कधी चुकूच शकत नाही. त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

ती म्हणाली, "तू फक्त उद्या चल."

"उद्या सकाळी बोलू."

बुधवारी सकाळी त्याला बरं वाटत होतं. तो उन्हात बसला, तिला गावातल्या माणसांच्या गोष्टी सांगत राहिला, फुलवतीच्या मुलीच्या बाळाला मांडीवर घेतलं. मृणालनं गाडीत चादर अंथरून ठेवली होती, बॅग भरून ठेवली होती. जेवण झालं की निघायचं, असं तिनं ठरवलंच होतं. दुपारी एकला बोराचा फोन आला.

"मॅडम, दुपारचा अंदाज आला." तिचा आवाज मोकळा होता. "ठिपका परतला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवस उबदार. पहाटे पाचला तर नेहमीपेक्षा जास्तच."

मृणाल अंगणातल्या ओट्यावर बसली. पाठीतला दोन दिवसांचा ताण एकदम उतरला आणि तिला रडू आलं. तिनं ते दादाला दिसू दिलं नाही.

"काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"ठिपका परतला, दादा. घर उबदार आहे."

"म्हणजे मी जगलो." त्यानं मान हलवली. "मग आता कशाला नेऊन राहिली मला त्या घाटातून? गाडीत बसून जीव घाबरतो माझा. शनिवारी ऊन तापलं की जाऊ."

तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. सूज होतीच. ओठांचा रंगही तिला आवडला नाही. पण अकराशे चाळीस घरांचा आकडा तिच्या डोळ्यांपुढे होता, आणि हा अकराशे चाळिसानंतरचा आणखी एक. घाटरस्ता, तीन तासांची थंडी, दादाचा घाबरणारा जीव, हे सगळं एका बाजूला आणि शिशिरचा केशरी ठिपका दुसऱ्या बाजूला. तिनं गाडीतली चादर घडी करून परत आणली.

"शनिवारी नक्की," ती म्हणाली.

"नक्की."

संध्याकाळी दोघांनी पिठलं केलं. तो लहानपणी तिला वाढायचा तसंच त्यानं तिला वाढलं, आधी भाकरीचा मधला मऊ भाग. अहवालाचा विषय तिनं दोनदा ओठांवर आणला आणि गिळला. उद्या बोलू, तिला वाटलं. आता दिवस आहेत.

ती पाचला दहा मिनिटं कमी असताना उठली. बाहेर उजाडलेलं नव्हतं. फटीतून येणारी हवा पात्यासारखी लागत होती. पठारावर उणे चार असणार, तिनं मनात अंदाज केला. दादा खुर्चीत मान डाव्या खांद्याकडे कलवून झोपलेला होता, घोंगडी हनुवटीपर्यंत. त्याची झोप मोडायची नाही म्हणून तिनं आवाज न करता राख बाजूला केली, काटक्या रचल्या, फुंकणीनं फुंकलं. चूल पेटली. तिनं मोठी दोन लाकडं सारली, जास्तच, कारण आज ही चूल पेटायलाच हवी होती. चहाचं आधण ठेवलं. भिंती हळूहळू लालसर झाल्या आणि खोलीत सुखाची ऊब भरली.

अंधारात, त्याच्याकडे पाठ असताना, तिला बोलणं सोपं गेलं.

"दादा, जागा असशील तर ऐक. नसशील तरी ऐक. तो अहवाल मी लिहिला, पण भैरवपाटचं नाव त्यात मी घातलं नव्हतं. ते यादीत होतं आणि मी ते काढलं नाही. काढू शकले असते. मला वाटलं, भावासाठी काढलं असं लोक म्हणतील. तेव्हा मला लोकांचं जास्त वाटलं. तू मला एकदा तरी विचारायला हवं होतंस, मी सांगितलं असतं." तिनं आधणात साखर टाकली. "तू विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही. सहा वर्षं गेली त्यात. मी चुकले, दादा."

तो काही म्हणाला नाही. त्याला असं लगेच उत्तर द्यायची सवय नव्हतीच. ती चहा गाळत राहिली, आल्याचा वास आला, तिनं त्याच्या पेल्यात थोडं दूध जास्त घातलं. मग त्याच्याजवळ गेली, गुडघ्यावर बसली आणि पेला त्याच्या हाताला लावला.

हात गार होता. खोलीतली प्रत्येक वस्तू उबदार झाली होती: पितळी तांब्या, खुर्चीची लाकडी पट्टी, घोंगडीची चुलीकडची बाजू. फक्त तो हात नव्हता. तिनं त्याचा गाल चाचपला, मनगट धरलं, छातीला कान लावला. तिला कळत होतं की हे आत्ता झालेलं नाही. बोटं आखडलेली होती. दोन तास, कदाचित तीन. ती उठायच्या आधी, काटक्या रचायच्या आधी, एक शब्द बोलायच्या आधी.

ती ओरडली नाही. पेला खाली ठेवला आणि त्याच्या पायांशी बसून राहिली. चूल धडाडून पेटलेली होती.

उजाडल्यावर फुलवती आली. तिनं एकदा पाहिलं आणि सगळं समजली. मृणालच्या डोक्यावर हात ठेवून ती लोकांना सांगायला निघून गेली. सात वाजता फोन वाजला.

"अभिनंदन, मॅडम," बोरा म्हणाली. "पाच वाजता बरोबर पेटला. इतका तेजस्वी ठिपका मी पाहिला नव्हता. आता तर आणखीच वाढून राहिलाय."

मृणालनं खोलीभर नजर फिरवली. दाराशी चपला जमू लागल्या होत्या. माणसं आत येत होती, भिंतीला टेकून बसत होती. अंगणात कोणीतरी शेकोटी पेटवली होती. वीस-पंचवीस अंगांची ऊब. ठिपका वाढणारच होता.

"चूल मी पेटवली, अनुपमा," ती म्हणाली.

"हो ना. आणि दादा?"

मृणाल बोलली नाही. पलीकडे बोराचा श्वास थांबल्याचं तिला ऐकू आलं.

"शिशिरनं माणूस परत येताना दाखवलाच नव्हता," शेवटी मृणाल म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी इथे आले, माझा फोन इथे आला, सरपण जास्त जळायला लागलं. तिनं मला मोजलं. घरात पहाटे उठून चूल पेटवणारं कोणीतरी आहे, एवढंच तिला कळलं. आणि मी ते वाचून त्याला दवाखान्यात नेलं नाही." ती थांबली. "भेट दिलेल्या प्रत्येक घरी आपण कोणाला ना कोणाला पाठवलं. मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला."

"अकराशे चाळीस," बोरा पुटपुटली.

"यादी उघड. मला पहिला नंबर दे."

"मॅडम, आत्ता नको. तुम्ही तिथे..."

"आत्ताच दे. लाट अजून तीन दिवस आहे. आज सकाळी किती घरं परतली आहेत, ज्यांच्याबद्दल आपण निर्धास्त होऊन बसलोय?"

बोरानं नंबर सांगितला. शरयूकाठचं एक गाव, रामरती देवी, वय अठ्ठ्याहत्तर. परवा सकाळच्या अंदाजात ठिपका विझताना दिसला, दुपारी सेविका जाऊन आली, संध्याकाळच्या अंदाजात परतला.

मृणाल अंगणाच्या कोपऱ्यात गेली आणि फोन लावला. तिसऱ्या घंटेला एका तरुण बाईनं उचलला. मागे बरीच माणसं बोलत असल्याचा आवाज येत होता, भांड्यांचा, लहान मुलांचा.

"मी हवामान केंद्रातून बोलतेय. तुमच्याकडे थंडी कशी आहे? घर गरम आहे का?"

"हो जी, खूप," ती बाई म्हणाली. "कालपासून घर भरलंय. दिल्लीहून, सुरतेहून सगळे आले. अंगणात दोन शेकोट्या पेटल्यात."

"रामरती देवींना फोन द्याल का?"

तिकडे कोणीतरी मुलांना गप्प केलं. मग ती बाई, जणू काही मृणालनंच समजून घ्यायला हवं होतं अशा स्वरात, हळू म्हणाली, "त्यांच्यासाठीच तर सगळे आलेत, ताई."

मृणालनं डोळे मिटले आणि तिची क्षमा मागितली. मग तिनं बोराला पुन्हा फोन लावला आणि दुसरा नंबर विचारला.